मधोमध कोण? दिल्लीहून पवनीपर्यंत आलेल्या 'व्हीसी'चा इतिहास

"साहेब व्हीसीत आहेत."

महाराष्ट्रातील एखाद्या तहसील कार्यालयाच्या बाकावर ज्याने अर्धा दिवस काढला आहे, त्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आतले दार लोटलेले असते, भिंतीवरच्या पडद्यावर चौकटी उजळलेल्या असतात आणि बाहेर फेरफाराचा, भरपाईचा, दाखल्याचा कागद हातात घेऊन माणसे बसलेली असतात. 'दूरदृश्य प्रणाली' हा अधिकृत शब्द परिपत्रकांत आहे. बोलण्यात मात्र 'व्हीसी' एवढेच उरले आहे. एका वेळी अनेक गावांना एकाच पडद्यावर आणणारी ही बैठक तालुक्यापर्यंत कशी पोहोचली, तिच्यासाठी कोणते जाळे विणावे लागले आणि त्या जाळ्याच्या मधोमध कोण बसले, याचा हा धागा.

हा इतिहास राजधानीतून सांगण्याची प्रथा आहे. तो पवनीतून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो.

पवनी हे भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठचे तालुक्याचे गाव, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ४५ किलोमीटरवर. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते जगन्नाथ टेकडीमुळे माहीत असते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि टेकडीच्या पोटातून एक प्राचीन बौद्ध स्तूप बाहेर आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्या दगडांकडे शेवटी पुन्हा वळायचे आहे. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की, राज्याच्या संगणक-जाळ्यात पवनी ही सर्वांत खालच्या पायरीवरची जागा आहे आणि कोणत्याही जाळ्याची घडण त्याच्या टोकावरून नीट कळते.

प्रथम थोडे अंकगणित, कारण या साऱ्या इतिहासाचे मूळ त्यातच आहे.

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत: भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. जिल्हाधिकाऱ्यांचे दालन आठवे. या आठही ठिकाणांनी परस्परांना थेट पाहायचे व ऐकायचे ठरवले, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी एक जोडणी हवी. आठ गुणिले सात भागिले दोन, म्हणजे २८ जोडण्या. तेच सर्वांनी एका मध्यवर्ती जागेशी बोलायचे आणि त्या जागेने सर्वांचे सर्वांना पोहोचवायचे ठरवले, तर प्रत्येक ठिकाणाला एकच जोडणी पुरते. जिल्ह्यापुरता हा फरक फार वाटणार नाही. राज्य मुख्यालय आणि ३६ जिल्हे अशा ३७ ठिकाणांसाठी मात्र पहिल्या रीतीने ६६६ जोडण्या लागतात आणि दुसऱ्या रीतीने जेमतेम छत्तीस-सदतीस.

दोन माणसांच्या संवादात 'मध्य' लागत नाही. तिसरा माणूस आला की तो लागतो. अनेकांच्या दूरस्थ बैठकीचा सगळा इतिहास या मधल्या जागेचा इतिहास आहे.

चित्रासह दूरध्वनीची कल्पना तशी जुनी. अमेरिकेच्या ए.टी. अँड टी. कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात 'पिक्चरफोन' दाखवला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात तो विक्रीस आणला. तो चालला नाही. महाग होता, हे एक कारण. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडेही तोच संच असला पाहिजे, हे दुसरे. शिवाय चित्र पोसायला अफाट रुंदीची तार लागे. ही अडचण गणिताने सोडवली. १९८८ मध्ये दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'एच.२६१' हे चित्र आवळण्याचे मानक ठरवले. लगतच्या दोन चौकटींत जे बदलले तेवढेच पाठवायचे, जे स्थिर आहे ते पुन्हा पाठवायचे नाही, हा त्याचा गाभा. ६४ किलोबिटच्या साध्या डिजिटल दूरध्वनी-वाहिन्या पटीत जोडून त्यांवरून हलते चित्र नेता येऊ लागले. टेबलाभोवती बसून बोलणारी माणसे फारशी हलत नाहीत, हे या मानकाच्या पथ्यावर पडले. बैठक ही आवळायला सर्वांत सोपी हालचाल ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच १९८८ मध्ये, २२ एप्रिलला, पंतप्रधान राजीव गांधी यांनी पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी केली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांना पाणी देणारे धरण, दशकानुदशके चाललेले काम, बुडणारी गावे, पुनर्वसन, भरपाई. पुढच्या काळात या तालुक्याच्या कारभाराचा फार मोठा भाग याच विषयाने व्यापला. एखाद्या तालुक्याने वरच्यांशी बोलणे किती निकडीचे असू शकते, याचे वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

त्या काळी वर बोलायचे म्हणजे वर जायचे. तहसीलदार भंडाऱ्याला जात, जिल्हाधिकारी नागपूरला किंवा मुंबईला. बैठकीची नोटीस टपालाने वा बिनतारी संदेशाने येई, आणि एका तासाच्या बैठकीला तालुक्याचा दिवस जाई व जिल्ह्याचे दोन-तीन.

याच सुमारास दिल्लीत एक वेगळे जाळे विणले जात होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एन.आय.सी., १९७६ मध्ये स्थापन झाले होते. डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'निकनेट' उभारले आणि देशातील जिल्हा मुख्यालयांत लहान उपग्रह-थाळ्या बसवायला घेतल्या. देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट यायला अजून बरीच वर्षे होती; कित्येक जिल्ह्यांत धड दूरध्वनी लागत नव्हता. अशा वेळी तारांवर विसंबून न राहता आकाशातून जिल्हे जोडण्याचा निर्णय धाडसाचा होता आणि तो यशस्वी झाला. हे श्रेय या संस्थेला दिलेच पाहिजे.

परंतु या जाळ्याचा आकार पाहण्यासारखा आहे. जिल्ह्यातील लहान थाळीची ताकद दुसऱ्या जिल्ह्यातील तितक्याच लहान थाळीशी थेट बोलण्याइतकी नव्हती. ती बोले दिल्लीतील मोठ्या भूकेंद्राशी. एका जिल्ह्याला शेजारच्या जिल्ह्याला काही कळवायचे असेल, तर संदेश उपग्रहाकडे जाई, तिथून दिल्लीत उतरे, दिल्लीहून पुन्हा उपग्रहाकडे चढे आणि मग शेजाऱ्याकडे येई. तारांगणासारखी रचना: मध्ये सूर्य, भोवती ग्रह. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ पासून दलालांना उपग्रहाने जोडले, तेव्हा त्यांनीही हीच रचना निवडली होती. खाजगी कंपन्यांच्या जाळ्यांचा आकारही बहुधा असाच असे. त्यात कोणाचा कावा नव्हता. लहान थाळी स्वस्त पडते आणि मोठे केंद्र एकच पुरते, इतके सरळ कारण होते.

आकडेवारीपुरते, पत्रांपुरते हे ठीक होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एन.आय.सी. दृश्य-संवादाकडे वळली, तेव्हा भौतिकशास्त्र आडवे आले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळपास पाव सेकंद लागतो. दिल्लीमार्गे दुहेरी फेरी झाली की अर्धा सेकंद. एकाने प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने तत्क्षणी उत्तर दिले, तरी प्रश्नकर्त्याच्या कानावर ते यायला एक सेकंद. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत एका दिशेला ०.१५ सेकंदापर्यंतचा विलंब निर्धोक मानतात आणि ०.४ सेकंदाच्या पुढे जाऊ नये असे सांगतात. ही मर्यादा इथे सहज ओलांडली जाई.

अर्ध्या सेकंदाने काय बिघडते? समोरासमोर बोलताना माणसे एकमेकांच्या वाक्याच्या शेवटाशी आपले वाक्य जोडतात. मध्येच 'हो', 'पण', 'तसे नव्हे' म्हणतात. विलंब आला की दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, पुन्हा दोघेही बोलतात. यावर उपाय एकच उरतो: एकाने बोलायचे, बाकीच्यांनी गप्प राहायचे आणि नाव पुकारल्यावर उत्तर द्यायचे. सरकारी व्हीसीतील ती ओळखीची शिस्त, 'बोला, भंडारा', 'ऐकू येतंय का, गोंदिया', ही स्वभावाइतकीच उपग्रहाच्या उंचीने घडवली आहे. तार आली, विलंब गेला, तरी रीत राहिली.

एकतर्फी चित्र आणि दुतर्फी आवाज ही तडजोडही याच काळातली. शिक्षक सर्वांना दिसतो, विद्यार्थी फक्त प्रश्न विचारू शकतो. २० सप्टेंबर २००४ रोजी सुटलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह खास शिक्षणासाठी होता आणि त्याच्या प्रायोगिक टप्प्यात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सहभागी होते. वर्गासाठी ही रचना चालून जाते. प्रशासनात ती उतरली की ज्याचे चित्र जाते तो अधिकारी आणि ज्याचा आवाज जातो तो तालुका, अशी विभागणी आपोआप होते.

मधल्या काळात एक मूलभूत प्रश्न न्यायालयात गेला होता: पडद्यावर दिसणारा माणूस 'हजर' असतो का? खटला महाराष्ट्रातला होता. मुंबईत झालेल्या एका शस्त्रक्रियेसंबंधीच्या फौजदारी प्रकरणात न्यूयॉर्कमधील एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते. सरकार पक्षाने व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी मागितली. खालच्या न्यायालयाने ती दिली, उच्च न्यायालयाने नाकारली, आणि १ एप्रिल २००३ रोजी 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिली. आरोपीच्या उपस्थितीत साक्ष नोंदवण्याची कायद्याची अट शरीराने एका खोलीत असण्यापुरती नाही. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याला उलट प्रश्न विचारता येतात, तर उपस्थितीचा हेतू साधतो, असा त्याचा आशय. मूळ खटल्यात संबंधित डॉक्टर पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून दोषमुक्त झाले, पण हा निवाडा देशभर आधार म्हणून राहिला. त्यातला 'उलट प्रश्न विचारता येतात' हा भाग विशेष लक्षात ठेवण्याजोगा. न्यायालयाने उपस्थिती मोजली ती दिसण्याने नव्हे, उलट बोलता येण्याने.

आता पवनीच्या पायरीपर्यंत येऊ.

मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने राज्यव्यापी जाळ्यांची, म्हणजे 'स्वान'ची योजना मंजूर केली. खर्चाचा अंदाज ३,३३४ कोटी रुपये. राज्य मुख्यालय, जिल्हा आणि तालुका वा गट अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीवर किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची जोडणी. तालुक्याचे गाव प्रथमच सरकारच्या स्वतःच्या जाळ्यात कायमचे जोडले जाणार होते. महाराष्ट्रात हेच जाळे 'एमस्वान' म्हणून ओळखले जाते.

दोन मेगाबिट म्हणजे २,०४८ किलोबिट. त्या काळी चांगल्या दर्जाच्या व्हीसीचा एक प्रवाह ३८४ किलोबिटचा धरत. इंटरनेटच्या पद्धतीने तो पाकिटांत बांधला की वेष्टनाचे ओझे धरून साधारण ४६० किलोबिट होतात. आता पवनीच्या दालनाने बाकीच्या सात ठिकाणांना आपले चित्र स्वतंत्रपणे पाठवायचे म्हटले, तर ३,२२० किलोबिट लागतील. ती जोडणी ते पेलूच शकत नाही. शिवाय त्याच जोडणीवर सातबारा, निवडणूक, पुरवठा, कोषागार यांची कामे चालायची. म्हणून पवनीने आपला एकच प्रवाह वर पाठवायचा आणि वरून एकच प्रवाह घ्यायचा, हे ठरूनच गेले. २८ जोडण्यांचा पर्याय धोरणाने नाकारला गेला नाही. तो तारेच्या जाडीतच मावत नव्हता.

मध्ये जे यंत्र बसते त्याला एम.सी.यू. म्हणतात, मराठीत बहुस्थळ नियंत्रण यंत्र म्हणावे. तांत्रिक मंडळी त्याला नुसते 'ब्रिज' म्हणतात. ते प्रत्येक ठिकाणचा प्रवाह उलगडते, आवाजांची बेरीज करते, चित्रांची चौकट जुळवते आणि पुन्हा आवळून प्रत्येकाला पाठवते. आवाजांची बेरीज करताना प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आवाज वगळून बेरीज द्यावी लागते, नाही तर माणसाला आपलेच बोलणे क्षणभर उशिरा ऐकू येते आणि जीभ अडखळते. म्हणजे आठ ठिकाणांसाठी आठ वेगवेगळ्या बेरजा. हे काम अवजड, म्हणून यंत्र महाग. महाग म्हणून एक-दोनच. भंडाऱ्यात ते ठेवायचे तर जिल्ह्याच्या जोडणीवर साती तालुक्यांचे प्रवाह एकदम यायचे. त्यापेक्षा ते राज्य मुख्यालयात, जिथे रुंद वाहिन्या येतात तिथे ठेवणे सोयीचे, आणि या योजनेत बहुतेक राज्यांनी तेच केले. त्यामुळे पवनीचा शब्द शेजारच्या साकोलीला जायचा असेल, तरी तो सुमारे नऊशे किलोमीटरवरच्या मुंबईचा फेरा करून येऊ शकतो. तारेवर या फेऱ्याला सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ लागतो, म्हणून कोणाला तो जाणवत नाही. दिल्लीमार्गे जाणाऱ्या उपग्रहाचा आकार मात्र तसाच राहिला.

आता त्या यंत्राला एक प्रश्न सोडवावा लागतो, जो कोणत्याही सभेच्या अध्यक्षाला सोडवावा लागतो: या क्षणी कोण दिसावे? सुरुवातीच्या यंत्रांचे उत्तर सरळ होते. ज्याचा आवाज मोठा, त्याचे चित्र. खोकल्याने पडदा उडू नये म्हणून आवाज एक-दोन सेकंद टिकला तरच चित्र बदलायचे. हळू बोलणारा माणूस, दूरवर ठेवलेला मायक्रोफोन, पंख्याची घरघर असलेली खोली यांचा निकाल यंत्रच लावून टाकी. दुसरे उत्तर चार, नऊ, सोळा चौकटींच्या पडद्याचे. तिसरे 'अध्यक्ष-नियंत्रणा'चे: एका ठिकाणाला अधिकार, की कोणाला दाखवायचे, कोणाचा मायक्रोफोन बंद ठेवायचा, कोणाला बैठकीतून सोडायचे. नव्वदच्या दशकातील आंतरराष्ट्रीय मानकांतच हे अधिकार लिहिलेले आहेत. सभाशास्त्राचे नियम जगभर शतकानुशतके वाद घालून ठरले; हे नियम अभियंत्यांच्या समितीत ठरले आणि त्यांवर कुठल्याही सभागृहात चर्चा झाली नाही.

जाळे बसवणाऱ्यांच्या अडचणी आणखी खालच्या होत्या, आणि इतिहासात त्या क्वचित नोंदवल्या जातात. व्हीसीची पाकिटे सातबाराच्या पाकिटांच्या रांगेत अडकली की चित्र तुकड्या-तुकड्यांनी येते. म्हणून वाटेतल्या प्रत्येक राउटरवर 'हे आधी जाऊ द्या' अशी खूण ओळखायला शिकवावे लागे, आणि एकानेही ती ओळखली नाही तर बाकीच्यांचे शिकणे वाया जाई. १९९६ च्या 'एच.३२३' मानकाला बोलणी ठरल्यावर ऐनवेळी नवी दारे उघडायची सवय होती. फायरवॉलला ती घुसखोरी वाटे. परिणाम ठराविक: घंटी वाजते, जोडणी लागते, आणि एका बाजूला चित्र येते तर दुसऱ्या बाजूला काळा पडदा. त्यात वीज. भारनियमनाच्या वर्षांत व्हीसीचे यश कॅमेऱ्यापेक्षा इन्व्हर्टरवर अवलंबून होते. आणि शेवटी खोली: टाइल्स, काचा, उघड्या भिंती, म्हणजे प्रतिध्वनीचे आगर. जाड पडदे लावले की निम्मा प्रश्न सुटतो, हे साधे ज्ञान महागड्या यंत्रांनंतर आले.

एक वेगळी वाटही होती. १९९२ मध्ये इंटरनेटच्या संशोधकांनी 'एमबोन' नावाचे प्रायोगिक जाळे चालवले. त्यात मध्यवर्ती यंत्र नव्हते. बोलणाऱ्याने एकदाच बोलायचे, वाटेतले राउटर फाटा फुटेल तिथे त्याची प्रत काढणार आणि ज्याने गटात नाव घातले त्या प्रत्येकाला ती मिळणार. कोणी कोणाच्या वर नाही. कल्पना सुंदर होती, पण त्यासाठी जगातील प्रत्येक राउटर सहमत हवा. आणि कोण किती ऐकतो, त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा, हे ठरेना. एका मालकाच्या जाळ्यात हे शक्य असते. सरकारी जाळे एका मालकाचेच होते. तरी तिथेही मध्यवर्ती यंत्रच बसले. नियंत्रण ही तिथे अडचण नव्हती, ती मागणी होती.

पुढची दहा-पंधरा वर्षे क्षमतेच्या वाढीची. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळे मंजूर झाले, ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना, जी पुढे 'भारतनेट' झाली. २५ मार्च २०१५ रोजी 'प्रगती' ही बैठक सुरू झाली, ज्यात पंतप्रधान राज्यांच्या मुख्य सचिवांशी पडद्यावरून थेट प्रकल्पांचा आढावा घेतात. दिल्लीचा आढावा, मग मुंबईचा, मग जिल्ह्याचा. वरच्या पायरीवरील एक व्हीसी खालच्या पायरीवर तीन व्हीसी जन्माला घालते, कारण वर उत्तर द्यायचे तर आधी खाली विचारावे लागते. तालुक्याचा बैठकीचा प्रवास वाचला. बैठका मात्र वाढल्या. पूर्वी भंडाऱ्याला जाण्याचा खर्च हीच अनावश्यक बैठकीवरची वेसण होती. ती सुटली.

याच राज्यात उलट दिशेची एक जुनी सोय आहे: लोकशाही दिन. तालुक्यात महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्यात पहिल्या सोमवारी नागरिकाने तक्रार घेऊन अधिकाऱ्यांसमोर स्वतः उभे राहायचे. दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की पडद्याचे जाळे कोणत्या दिशेने विणले गेले, ते दिसते. साहेबाला साहेबाशी जोडायला वीस वर्षांत उपग्रह, तंतू आणि यंत्रे आली. बाकावरचा माणूस बाकावरच राहिला. गोसीखुर्दच्या भरपाईचा कागद हातात असलेल्या शेतकऱ्याला त्या पडद्यावर चौकट नव्हती.

मग २०२० उजाडले. मार्चच्या टाळेबंदीत सगळेच व्हीसीत गेले आणि सरकारी जाळ्याबाहेरची, खाजगी कंपन्यांची साधने सरकारी दालनांत शिरली. १६ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने सरकारी कामासाठी 'झूम' वापरू नये असे कळवले. त्याच महिन्यात स्वदेशी साधनासाठी स्पर्धा जाहीर झाली. ऑगस्टमध्ये केरळच्या आलप्पुळा येथील एका लहान कंपनीचे 'व्हीकन्सोल' विजयी ठरले. तंत्रातही बदल झाला होता. नव्या साधनांतले मधले यंत्र चित्रे उलगडून पुन्हा जुळवत बसत नाही. प्रत्येकाचा प्रवाह जसाच्या तसा पुढे सरकवते आणि चौकटी जुळवण्याचे काम तुमच्या मोबाइलवर सोडते. त्यामुळे ते स्वस्त झाले, शेकडो माणसे मावू लागली. मध्य मात्र हटला नाही. म्यूटचे बटणही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा कागद ३ जुलै २०२० चा आहे. नगरविकास विभागाने नागरी स्थानिक संस्थांच्या सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे घेण्यास सांगितले. महानगरपालिकांपासून पवनीसारख्या लहान गावांच्या नगरपरिषदांपर्यंत सर्वांना ते लागू होते. तोवर व्हीसी ही अधिकाऱ्यांची बैठक होती, आणि तिथे वरच्याने खालच्याचा आवाज बंद ठेवणे शिस्तीत बसत होते. नगरपरिषदेची सभा ही वेगळी गोष्ट. १९६५ च्या अधिनियमाखाली भरणाऱ्या या सभेत निवडून आलेला सदस्य कोणाचा हाताखालचा नसतो. बोलणे, विरोध करणे, मत देणे हा त्याचा हक्क असतो. आता हे सारे एका बटणावर आले. राज्यातील अनेक शहरांत विरोधी सदस्यांनी तक्रार केली की, आवाज बंद ठेवून विषय मंजूर केले गेले, आणि प्रत्यक्ष सभेची मागणी लावून धरली. जाळ्याने जागा गेली असे सत्ताधाऱ्यांनी म्हणावे, जागा घालवली असे विरोधकांनी म्हणावे. दोन्हींची शहानिशा करायची तर हाती काहीच नाही. सभागृहात आवाज दाबला तर शेजारी बसलेले साक्षीदार असतात. पडद्यावर ज्याचा मायक्रोफोन बंद आहे, तो गप्प होता की गप्प केला गेला, हे बाकीच्यांना दिसत नाही. २००३ च्या निवाड्यातली कसोटी इथे लावली, तर असा सदस्य पडद्यावर दिसत असूनही उपस्थित होता का, हा प्रश्न खुला राहतो.

इतिहासकारापुढे आणखी एक अडचण उभी राहणार आहे. या हजारो बैठकांचे काय उरले? इतिवृत्त. ते मध्यात बसलेल्या कार्यालयाने लिहिलेले असते: निर्देश काय दिले, मुदत काय, जबाबदारी कोणाची. तालुक्याने काय सांगितले, कोणत्या वाक्याला अडवले गेले, कोणते ठिकाण जोडणी तुटल्याने शेवटपर्यंत आलेच नाही, हे त्यात सापडण्याची शक्यता थोडी. बखर लिहिणाराही दरबाराचाच असे. पण बखरीच्या शेजारी निदान इतरांची पत्रे सापडतात.

जगन्नाथ टेकडीवरच्या त्या कठड्याला एक मधला घुमट होता आणि भोवती दगडांचे वर्तुळ. दगड ज्याने दिला, त्याचे नाव त्या दगडावर आहे. राजाचे नव्हे, देणाऱ्याचे. सुमारे दोन हजार वर्षांनी, त्याच गावाच्या तहसील कार्यालयाने व्हीसीला जोडणी लावली की पडद्यावरच्या चौकटीखाली नाव उमटते ते सहसा ठिकाणाचे असते: 'पवनी'. चौकटीत बसलेला माणूस कोण, आणि तो बोलला का, हे त्यावरून कळत नाही.